स्टार नोट दुर्मिळ आहे, हे ठरवतं कोण?



गेल्या काही महिन्यांत मला एकाच धर्तीचे चार मेसेज आले. चौघेही निवृत्त फौजी. प्रत्येकाने नोटेचा फोटो पाठवलेला, कुणाची दहाची तर कुणाची पन्नासची. नंबरच्या मध्ये चांदणी, आणि फोटोखाली प्रश्न एकच: "साहेब, ही विकली तर किती येतील?" मी नोटा जमवतो हे युनिटमध्येही माहीत आहे आणि गावाकडेही, त्यामुळे असे प्रश्न फिरून माझ्याकडेच येतात.

उत्तर आधी देऊन टाकतो. दहाच्या स्टार नोटेचे बहुतेक वेळा दहाच रुपये येतात. नोट करकरीत असेल आणि मालिका कमी दिसणारी असेल, तर हौशी माणूस थोडे जास्त देतो. आणि लाख रुपये देतो म्हणणारा माणूस नोट घ्यायला आलेला नसतो, तो तुमच्या खात्यातलं काहीतरी घ्यायला आलेला असतो. हे असं का, ते आज जरा सविस्तर लिहितो. यात रिझर्व्ह बँकेने काय करायला हवं, याबद्दलही माझं एक मत आहे. तेही मांडतो.

चांदणी आली कुठून

आपल्या देशात नोटा चार ठिकाणी छापल्या जातात. नाशिक रोड, मध्य प्रदेशातलं देवास, कर्नाटकातलं म्हैसूर आणि पश्चिम बंगालमधलं सालबनी. पहिले दोन छापखाने केंद्र सरकारच्या महामंडळाचे, दुसरे दोन रिझर्व्ह बँकेच्या उपकंपनीचे. यात नाशिक रोड सगळ्यात जुना, १९२८ पासून तिथे नोटा छापल्या जात आहेत. आम्हा तोपखान्याच्या लोकांचं तर ते शेजारघरच. आमचं ट्रेनिंग सेंटरही नाशिक रोडला. रंगरूट असताना रविवारी बाहेर पडलो की आम्ही तिकडे बोट दाखवून म्हणायचो, "आपला पगार तिथे तयार होतो."

नोटा एकेक करून छापत नाहीत. मोठ्या कागदावर बऱ्याच नोटा एकदम छापतात, मग त्यावर नंबर पडतात, तपासणी होते, कापणी होते आणि शंभर-शंभरची पुडकी बांधली जातात. तपासणीत एखाद्या नोटेवर शाई फासलेली निघते, कुठे छपाई सरकलेली असते, कुठे कागदाला घडी पडलेली असते. ती नोट बाद. पण पुडक्यात शंभर तर भरल्या पाहिजेत. ऑगस्ट २००६ पर्यंत पद्धत अशी होती की पुडक्यातले नंबर ओळीने असायला हवेत. म्हणजे बाद नोटेच्या जागी त्याच नंबरची दुसरी नोट तयार करून घालायची. एका नोटेसाठी वेगळा खटाटोप, वेळही जाणार आणि पैसाही.

२००६ मध्ये रिझर्व्ह बँकेने हा खटाटोप थांबवला. बदली म्हणून घालायच्या नोटा आधीच वेगळ्या छापून ठेवायच्या आणि त्यांच्यावर खूण करायची, असं ठरलं. खूण म्हणजे ही चांदणी. नंबरच्या सुरुवातीला आकडा-अक्षरांचा जो गट असतो, ज्याला आम्ही जमवणारे प्रीफिक्स म्हणतो, तो आणि पुढचे सहा आकडे यांच्या मध्ये ती बसते. सुरुवात १०, २० आणि ५० च्या नोटांपासून झाली, पुढे १०० ची आली. नोटबंदीनंतर डिसेंबर २०१६ मध्ये नव्या ५०० च्या नोटेवरही चांदणी आली. त्या पहिल्या नोटांवर ऊर्जित पटेल यांची सही आणि नंबरच्या पट्टीत 'ई' हे इंग्रजी अक्षर आहे. ज्या पुडक्यात स्टार नोट असते, त्याच्या कागदी पट्टीवर तशी नोंद असते. पुडक्यात नोटा शंभरच, फक्त नंबरांची ओळ मध्ये तुटलेली.

मला ही पद्धत मनापासून आवडते. पूर्वी बदली नोट आली आहे हे कुणाला कळायचंच नाही. आता ती उघड सांगते की मी दुसऱ्याच्या जागी उभी आहे, आणि माझी किंमत त्याच्याइतकीच आहे. गार्ड ड्युटीवर एखादा जवान आजारी पडला तर त्याच्या जागी दुसरा उभा राहतो. रजिस्टरमध्ये नाव बदललेलं दिसतं, पण पोस्टची जबाबदारी तीच राहते. स्टार नोटेचं तसंच आहे.

हे साधं आहे, तरी लोकांना पटायला वेळ लागतो. जुलै २०२३ मध्ये मोबाइलवर अफवा फिरली की चांदणीवाल्या नोटा बनावट आहेत. आमच्या छावणीच्या गेटबाहेरचा एक दुकानदार जवानांच्या हातातून अशा नोटा घेईना. शेवटी रिझर्व्ह बँकेला खुलासा करावा लागला की ही चांदणी फक्त बदली नोटेची खूण आहे आणि नोट इतर कुठल्याही नोटेसारखीच वैध आहे. गंमत बघा. एकच नोट एका मेसेजमध्ये खोटी ठरते आणि दुसऱ्या मेसेजमध्ये लाखाची. दोन्ही मेसेज पाठवणाऱ्यांना ती नोट काय आहे हे माहीत नसतं.

दुर्मिळ म्हणजे काय

मी भरती झालो तेव्हा पगार पे परेडला रोख मिळायचा. रांगेत उभं राहायचं, नाव पुकारलं की पुढे जाऊन सलाम, सही आणि पैसे. कधी बँकेतून कोरी पुडकी आली तर रांगेतल्या पुढच्या-मागच्या जवानांना ओळीच्या नंबरच्या नोटा मिळत. बॅरेकमध्ये आल्यावर आम्ही त्या जुळवून बघायचो. तिथून मला नंबर वाचायची सवय लागली. पुढे पगार बँकेत जाऊ लागला, पण सवय राहिली.

इतक्या वर्षांत एक गोष्ट समजली. कुठलीही नोट दुर्मिळ आहे का, हे तीन गोष्टींवर ठरतं. छापल्या किती, त्यातल्या चांगल्या अवस्थेत उरल्या किती, आणि ती हवी असणारी माणसं किती. तिन्हींची उत्तरं असल्याशिवाय किंमत सांगणं म्हणजे अंधारात गोळी मारणं.

जुन्या नोटांच्या बाबतीत उत्तरं बरीचशी मिळतात. उदाहरण घ्या. १९५९ मध्ये हज यात्रेकरूंसाठी दहा आणि शंभरच्या खास नोटा काढल्या, त्यांच्या नंबरापुढे 'एचए' अशी अक्षरं होती. त्याच वर्षी आखातात चालवण्यासाठी वेगळ्या रंगाच्या, 'झेड' अक्षराच्या नोटा काढल्या, कारण तेव्हा कुवेत, बहारीन, कतारसारख्या भागांत आपला रुपया चालत असे. या नोटा मर्यादित कामासाठी निघाल्या, काम संपल्यावर बहुतेक परत आल्या आणि नष्ट झाल्या. म्हणून आज त्या कमी दिसतात. आपल्या फौजी लोकांच्या जवळचं उदाहरण म्हणजे १९४५ च्या सुमाराच्या, ब्रह्मदेशातल्या लष्करी प्रशासनासाठी शिक्का छापलेल्या भारतीय नोटा. किंवा सी. डी. देशमुखांच्या सहीच्या नोटा घ्या. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, आपल्या रायगडचे. ज्या नोटेवर एका बाजूला इंग्रज राजाचं चित्र आहे, तिच्यावर एका मराठी माणसाची सही आहे. अशा नोटेला मागणी का आहे हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

आधुनिक स्टार नोटेचं गणित वेगळं आहे. ती २००६ नंतरची आहे आणि ती जमवायची असते हे पहिल्यापासून लोकांना माहीत आहे. त्यामुळे लोक ती मुद्दाम बाजूला ठेवतात. बाजूला ठेवलेली वस्तू दुर्मिळ होत नाही, साठते. फिरणाऱ्या चलनात मात्र दहाची नोट लवकर मळते, फाटते आणि बँकेतून परत जाऊन यंत्रात तिचा चुरा होतो. म्हणजे मळक्या स्टार नोटा कमी होत जातात पण त्यांना गिऱ्हाईक नसतं, आणि कोऱ्या नोटांना गिऱ्हाईक असतं पण त्या अनेकांच्या कपाटात असतात.

तरी सगळ्या स्टार नोटा सारख्या नाहीत, हेही खरं. गव्हर्नरची सही, पट्टीतलं इंग्रजी अक्षर, मागच्या बाजूला छापलेलं वर्ष आणि प्रीफिक्स या चार गोष्टी जुळवल्या की एकाच किमतीच्या नोटेचे कितीतरी प्रकार होतात. वाय. व्ही. रेड्डी यांच्या सहीच्या सुरुवातीच्या स्टार नोटा कोऱ्या मिळणं अवघड आहे. काही जोड्या वर्षानुवर्षं शोधूनही सापडत नाहीत. यातच छंदाची मजा आहे.

पोस्टिंगचा फायदा

फौजी माणसाला या छंदात एक मोठा फायदा आहे, तो म्हणजे बदली. नव्या नोटा देशात सगळीकडे एकाच वेळी पोचत नाहीत. एका मालिकेची नोट मला राजस्थानात रोज दिसायची, तीच पुढे आसाममध्ये दोन वर्षांत एकदाही दिसली नाही. अरुणाचलच्या वरच्या भागात बँक लांब असते, तिथे दहा-वीसची नोट इतकी फिरते की हातात घेतली तर कापडासारखी लागते. लंगरच्या सामानाला गेलो की दुकानदाराच्या गल्ल्यातून जुन्या सह्यांच्या नोटा निघत. भूतानच्या सीमेवर जयगावला तर एकाच गल्ल्यात भारतीय आणि भूतानी नोटा शेजारी असतात, कारण दोन्हींची किंमत बरोबरीची आहे.

आणि नोटेच्या मागे भाषांची जी पट्टी आहे ती बघा. पंधरा भाषा, वरून मोजलं तर मराठी आठवी. आमच्या बॅटरीत एकदा आम्ही पैज लावली की पट्टीतली प्रत्येक ओळ वाचणारा जवान मिळतो का. संस्कृतसाठी पंडितजी होतेच, नेपाळी, तमीळ, बंगाली, पंजाबी सगळे निघाले. काश्मिरी वाचायला मात्र गेटबाहेरच्या न्हाव्याला बोलवावं लागलं. शेवटी दहा रुपयांच्या नोटेवर अख्खी बॅटरी तासभर बसली होती. हे मूल्य कुठल्याही बाजारभावात बसत नाही.

पेन्शनवर डोळा

आता मूळ दुखण्याकडे येतो.

माझ्या ओळखीचे एक निवृत्त हवालदार आहेत. सेवेत असताना एक पैसा इकडचा तिकडे न होऊ देणारा माणूस. त्यांनी मोबाइलवर जाहिरात पाहिली की ट्रॅक्टरवाली पाचची नोट आणि स्टारवाली दहाची नोट असेल तर काही लाख मिळतील. दोन्ही घरात होत्या. फोन केला. समोरचा अदबीने बोलला, "सर, आप फौजी हैं, आपके लिए अलग रेट है." आधी नोंदणी फी मागितली, बाराशेच्या आतबाहेर. मग रिझर्व्ह बँकेचं चिन्ह असलेलं पत्र आलं आणि कर भरायला सांगितलं. मग वाहतुकीचा विमा. प्रत्येक वेळी रक्कम वाढत गेली आणि प्रत्येक वेळी "हे शेवटचं" असं सांगितलं गेलं. चाळीस हजारांच्या वर गेल्यावर वहिनींनी पासबुक पाहिलं आणि मला फोन लावला. तोवर समोरचा नंबर बंद झाला होता.

या माणसाला मूर्ख म्हणणारे मला भेटले. मला ते पटत नाही. फौजेत पंचवीस वर्षं ज्याने शिक्का आणि सही असलेल्या कागदावर विश्वास ठेवला, त्याच्यापुढे शिक्का असलेला कागद ठेवला की तो मान देणारच. ठग नेमका तोच स्वभाव ओळखून फोन करतो.

रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर इशारा दिला आहे. जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत बँक पडत नाही, त्यासाठी कसलीही फी किंवा कमिशन मागत नाही आणि बँकेच्या नावाने असे पैसे घ्यायचा अधिकार तिने कुणालाही दिलेला नाही. म्हणजे ज्या क्षणी फोनवर "रिझर्व्ह बँकेची फी" हे शब्द आले, त्या क्षणी फोन ठेवायचा. आणि व्यवहाराचा साधा नियम लक्षात ठेवा: वस्तू विकणाऱ्याला पैसे मिळतात, त्याला भरावे लागत नाहीत.

माझं म्हणणं

पण नुसता इशारा पुरेसा नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. अफवा तिथेच वाढते जिथे खरी माहिती नसते. आज एखादी स्टार नोट किती छापली गेली हे सामान्य माणसाला कळायचा मार्ग नाही. रिझर्व्ह बँकेच्या वार्षिक अहवालात कुठल्या किमतीच्या किती नोटा पुरवल्या, किती मळक्या नोटा नष्ट केल्या, छपाईवर किती खर्च झाला, हे सगळं असतं. स्टार नोटांचा वेगळा रकाना नसतो. मग जमवणारे आपापसांत दिसलेल्या नंबरांच्या नोंदी करून अंदाज बांधतात. त्या अंदाजावर विकणारा "अतिदुर्मिळ" असं लेबल चिकटवतो आणि घेणाऱ्याकडे ते तपासायला काही नसतं.

अमेरिकेत बदली नोटांवर चांदणी १९१० पासून आहे. तिथला सरकारी छापखाना दर महिन्याच्या छपाईचे आकडे जाहीर करतो, त्यात कुठल्या मालिकेच्या किती स्टार नोटा छापल्या तेही असतं. त्यामुळे शाळकरी मुलगाही नंबर बघून सांगू शकतो की आपली नोट मोठ्या गठ्ठ्यातली आहे की छोट्या. भाव वाढवून सांगणाऱ्याला तिथे पुराव्याशी गाठ पडते.

आपल्याकडेही हे व्हावं. प्रत्येक वर्षी, प्रत्येक किमतीच्या स्टार नोटा कुठल्या प्रीफिक्सच्या आणि किती छापल्या, याचा एक तक्ता बँकेने प्रसिद्ध करावा. छपाईनंतर दोन-तीन वर्षांनी केला तरी चालेल.

यावर एका मित्राने आक्षेप घेतला की यामुळे नकली नोटा करणाऱ्यांना मदत होईल. मला तसं वाटत नाही. नवीन सहीची किंवा नव्या अक्षराची नोट काढताना बँक स्वतःच पत्रक काढून ते जाहीर करते. नंबर तर नोटेवरच छापलेला असतो, तो गुप्त नाहीच. उलट खऱ्या मालिका ठाऊक असतील तर त्याबाहेरच्या प्रीफिक्सची स्टार नोट लगेच ओळखू येईल. दुसरा आक्षेप असा की आकडे कळले तर लोक कमी छापलेली मालिका दाबून ठेवतील. पण दाबून ठेवणं आजही चालू आहे. पट्टीवर स्टारची नोंद असलेलं पुडकं कधी कधी खिडकीपर्यंत येतच नाही, आणि लग्नसराईत दहाची कोरी पुडकी बाहेर जास्त दराने विकली जातात. याचा त्रास रिक्षावाल्याला, भाजीवालीला होतो, ज्यांना सुट्टे हवे असतात. माहिती झाकून ठेवल्याने हे थांबलेलं नाही. आकडे उघडे झाले तर साठेबाजाला निदान हे तरी कळेल की त्याने दाबलेल्या पुडक्यासारखी हजारो पुडकी बाजारात आहेत.

जमवणाऱ्यांसाठी

ज्यांना छंद म्हणून सुरुवात करायची आहे त्यांना माझ्या अनुभवातून थोडंसं सांगतो.

नोटा सुट्ट्यातून जमवा. दर्शनी किमतीला मिळालेली नोट कधीच तोट्याची नसते. नोट धुऊ नका, इस्त्री करू नका, लॅमिनेट तर अजिबात करू नका. साध्या प्लास्टिकच्या पाकिटात काही वर्षांनी नोट चिकटते, म्हणून नोटांसाठी मिळणारी पॉलिएस्टरची पाकिटं घ्या. ईशान्येत पोस्टिंग असेल तर काळ्या ट्रंकेत ठेवू नका, ओल धरते. जुन्या नोटांवर स्टेपलची भोकं दिसली तर घाबरू नका. पूर्वी बँका पुडकी स्टेपल करत, त्यामुळे त्या काळातल्या कोऱ्या नोटांनाही भोकं असतात.

कायद्याची एक गोष्टही ध्यानात ठेवा. २०१६ मध्ये रद्द झालेल्या जुन्या ५०० आणि १००० च्या नोटा २०१७ च्या कायद्यानुसार एकूण दहापेक्षा जास्त जवळ ठेवता येत नाहीत. अभ्यास, संशोधन किंवा संग्रहासाठी ही मर्यादा पंचवीस आहे. त्यापेक्षा जास्त सापडल्या तर दंड होऊ शकतो. २००० च्या नोटेचं तसं नाही. ती मे २०२३ मध्ये मागे घेतली, पण रद्द केलेली नाही.

आणि निवृत्त मंडळींना हात जोडून एकच विनंती. पेन्शनचा पैसा नोटा विकत घेण्यात गुंतवू नका आणि नोटा विकण्यासाठी कुणाला आगाऊ पैसे देऊ नका. स्टार नोट हाती आली तर नातवंडांना बोलवा, चांदणी दाखवा, नाशिक रोडला ती कशी तयार होते ते सांगा, पट्टीवरची मराठी ओळ त्यांच्याकडून वाचून घ्या. मग ठेवावीशी वाटली तर ठेवा, नाहीतर भाजीला द्या. दोन्ही ठिकाणी ती दहाच रुपयांचं काम चोख करेल.

जय हिंद.